राज्य बदलले, वसूल करणारा बदलला काय?

क्रांतीमुळे समाज मुळापासून बदलतो, हा विश्वास विसाव्या शतकातील बहुतेक राजकीय चळवळींचा आधार होता. त्या शतकाच्या शेवटच्या पावपट्टीत इतिहासकारांचा कल मात्र उलट दिशेने झुकला. फ्रान्स असो वा रशिया, जुन्या राजवटीतील किती गोष्टी नव्या राजवटीत तशाच चालू राहिल्या हे दाखवण्यात अभ्यासकांची एक अख्खी पिढी गुंतली. चीनच्या आधुनिक इतिहासाबाबत हा बदल सर्वांत ठळकपणे दिसतो. समाजवादी कार्यकर्त्याने या वादाकडे विद्वानांची करमणूक म्हणून पाहून चालणार नाही. ‘काहीच बदलत नाही’ हे वाक्य विद्यापीठातून निघते आणि गावच्या पारापर्यंत पोचता पोचता ‘मग लढायचे कशाला?’ असे होऊन बसते.

चीनविषयीच्या लेखनाचा प्रवास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १९४९ नंतरची पहिली काही दशके अमेरिकन अभ्यासकांवर ‘पाश्चात्त्यांचा आघात आणि चीनचा प्रतिसाद’ या मांडणीचा पगडा होता. चीन जणू झोपलेला होता आणि बाहेरच्या तोफांनी त्याला जागे केले, असा तिचा आशय. पॉल कोहेन यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात या दृष्टीची चिकित्सा केली आणि चीनच्या इतिहासाची गती चीनमध्येच शोधली पाहिजे असा आग्रह धरला. पुढे जोसेफ एशरिक यांनी १९९५ मध्ये चिनी क्रांतीविषयी दहा सिद्धान्त मांडले. क्रांतीला सरळ मुक्ती म्हणण्यास त्यांनी नकार दिला. बहुसंख्यांच्या वाट्याला एका वर्चस्वाच्या जागी दुसरे वर्चस्व आले, असे त्यांचे म्हणणे होते. फिलिप कून यांनी २००२ च्या ग्रंथात आणखी मागे जाऊन दाखवले की, राज्याला महसूल किती लागतो आणि तो स्थानिक समाजाच्या गरजांशी कसा जुळवायचा, हा प्रश्न छिंग बादशहांपुढे होता तसाच तो साम्यवादी राजवटीपुढेही होता.

या साऱ्यांत भारतीय वाचकाला सर्वांत जवळचे वाटावे असे काम आसामात जन्मलेल्या प्रसेनजित दुआरा यांचे आहे. १९०० ते १९४२ या काळातील उत्तर चीनच्या खेड्यांवरील त्यांचा ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्य आणि शेतकरी यांच्यामध्ये उभा असलेला मध्यस्थ हा त्यांच्या अभ्यासाचा विषय आहे. हा मध्यस्थ दोन प्रकारचा. एक गावाच्या वतीने सरकारशी बोलणारा, गावाला शक्य तेवढे वाचवणारा. दुसरा वसुलीचा धंदा करणारा, सरकारला ठरलेली रक्कम देऊन उरलेले खिशात घालणारा. राज्य जसजसे आधुनिक होऊ लागले, शाळा, पोलीस, सैन्य यांसाठी पैसा मागू लागले, तसतसा पहिल्या प्रकारचा मध्यस्थ मागे हटला आणि दुसऱ्याने त्याची जागा घेतली. राज्याचे उत्पन्न वाढले, पण त्याहून अधिक वेगाने या दलालांचे वाढले. १९४९ च्या क्रांतीला खेड्यात पाठिंबा का मिळाला, याचे एक उत्तर येथे सापडते.

महाराष्ट्राच्या इतिहासलेखनातही हाच वाद वेगळ्या नावाने चाललेला आहे. आपल्याकडे तो १८१८ या सालाभोवती फिरतो. पेशवाई बुडाली आणि कंपनीचे राज्य आले. हा खंड होता की जुनेच नव्या शिक्क्याने चालू राहिले? एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात जुनी ग्रामव्यवस्था शक्यतो न मोडण्याचे धोरण मांडले, पण त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत प्रिंगल, गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पाहणीने रयतवारीची घडी बसवली. रविंदर कुमार यांनी १९६८ च्या ग्रंथात या बदलाने खेड्याचा जुना समतोल मोडून सावकाराला बळ दिले असे प्रतिपादन केले. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांना दिले जाणारे महत्त्वच अवास्तव ठरवले आणि १९८५ च्या ग्रंथात बदल संथ व असमान होता असे दाखवले. त्याच वर्षी सुमित गुहांचा दख्खनच्या शेतीव्यवस्थेवरील ग्रंथ आला आणि वाद आणखी बारकाईने सुरू झाला.

विद्यापीठांच्या कितीतरी आधी हा प्रश्न महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये विचारलेला होता. पेशवाई गेली, इंग्रजी आली, पण शेतकऱ्याला कचेरीत गाठ पडते ती त्याच कारकुनाची. फुल्यांनी राजवटीच्या तारखेऐवजी शेतकरी आणि सत्ता यांची जेथे प्रत्यक्ष गाठ पडते ती जागा पाहिली. खंड आणि सातत्य मोजण्याची खरी जागा तीच आहे.

ही कसोटी एखाद्या लहान प्रदेशाला लावली तर ती अधिक स्पष्ट होईल. मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या दक्षिण काठाला राई हे गाव आहे. मुर्धे, मोर्वे, पुढे डोंगरी आणि उत्तन. खाजणे, मिठागरे, भातखाचरे यांचा हा पट्टा. आगरी आणि कोळी समाजाची वस्ती. हा सारा साष्टीचा भाग, आणि साष्टीइतक्या राजवटी महाराष्ट्रातील फार थोड्या प्रदेशांनी पाहिल्या असतील. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून तो पोर्तुगीजांकडे गेला. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीवरील त्यांचा ताबा कायम झाला. म्हणजे महाराष्ट्राच्या अंतर्भागात १८१८ ला जे घडले ते येथे चाळीस वर्षे आधीच घडून गेले होते. शाळेच्या पुस्तकातील तारीख सर्व प्रदेशांना सारखी लागू होत नाही, एवढी गोष्ट तरी सातत्यवादी इतिहासकारांकडून शिकण्यासारखी आहे.

या राजवटींच्या उलथापालथीत जमिनीचे काय झाले? पोर्तुगीजांनी गावे आपल्या सरदारांना आणि धर्मसंस्थांना लावून दिली. मराठ्यांच्या विजयाने ते जमीनदार गेले, वसूल सरकारी कमाविसदारांमार्फत होऊ लागला. इंग्रजांनी पुन्हा गावेच्या गावे व्यक्तींना देण्यास सुरुवात केली. पवईची इस्टेट १७९९ मध्ये डॉ. स्कॉट या इंग्रजाला आणि १८२९ मध्ये फ्रामजी कावसजी या पारशी व्यापाऱ्याला मिळाली. जमीन सुधारावी, नवी पिके घ्यावीत, हा त्यामागचा घोषित हेतू होता. राईला लागून असलेल्या भाईंदर, मिरे, घोडबंदर या भागात १८७० साली अशीच एक व्यवस्था झाली. सरकारने तेथील जमीन रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. खाडीच्या भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालणे व राखणे हे त्या व्यवस्थेचे मुख्य प्रयोजन होते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या व्यवहाराचा न्याय्य विचार केला पाहिजे. खाजणात बांधाशिवाय भात पिकत नाही. एका रात्रीत बांध फुटला तर शेत तीन-चार वर्षे खारट राहते. बांध हे भांडवल आहे, त्याची देखभाल हे काम आहे, आणि त्याचा मोबदला कोणी घेतला तर त्यात तत्त्वतः गैर काही नाही. पण मुदत आहे ९९९ वर्षांची. ती इसवी सन २८६९ मध्ये संपेल. बांधाचे आयुष्य काही वर्षांचे, बांध घालणाऱ्याचे आयुष्य काही दशकांचे, आणि हक्काचे आयुष्य एक सहस्रक! पुढे हे हक्क एका खाजगी कंपनीकडे आले. १९८५ मध्ये मिरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली, भातखाचरांवर सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या. समुद्र अडवण्याचे जे प्रयोजन होते ते त्या जमिनींपुरते संपले. त्या पट्ट्यातून निघालेला हक्काचा दावा मात्र महसूल कचेऱ्यांत आणि न्यायालयांत एकविसाव्या शतकातही चालत आला.

आर. एच. टॉनी या इंग्रज समाजवादी अर्थेतिहासकाराने १९२१ मध्ये मालमत्तेचे दोन प्रकार सांगितले होते. एक, जिच्यामागे समाजोपयोगी कार्य आहे. दुसरी, जिच्यामागचे कार्य संपले आहे आणि केवळ वसुलीचा हक्क उरला आहे. हेच टॉनी १९३० च्या सुमारास चीनला गेले, आणि १९३२ मध्ये त्यांनी तेथील शेती व श्रम यांवर ग्रंथ लिहिला. शेतजमिनीचा प्रश्न सुटल्याखेरीज चीनला स्वास्थ्य नाही, असे त्यांना दिसत होते. सतरा वर्षांनी क्रांती झाली. साष्टीच्या खाजणापासून उत्तर चीनच्या मैदानापर्यंत जी एक गोष्ट टिकून राहते ती टॉनींच्या या दुसऱ्या प्रकारात बसते. काम संपते, हक्क राहतो. इतिहासकार ज्याला ‘सातत्य’ म्हणतात त्याचा फार मोठा भाग हा असा, काम संपल्यावरही उरलेल्या हक्कांचा आहे.

येथेच सातत्यवादी मांडणीतील उणीव लक्षात येते. सातत्य हे एखाद्या डोंगरासारखे आपोआप उभे नसते. प्रत्येक नव्या राजवटीला जुना हक्क मान्य करावा लागतो, त्यावर नवा शिक्का मारावा लागतो, फेरफार नोंदवावा लागतो. मराठ्यांनी पोर्तुगीज जमीनदारांचे हक्क चालू ठेवले नाहीत, म्हणून ते संपले. इंग्रजांनी नवे पट्टे दिले, म्हणून नवे जमीनदार झाले. स्वतंत्र भारतात १९५१ मध्ये साष्टीतील इस्टेटींची महसूलमाफी रद्द करणारा कायदा झाला. पडीक व न कसलेल्या जमिनी सरकारजमा करण्याची तरतूदही त्यात होती. पण इस्टेटदाराने आधीच वापरात आणलेल्या जमिनी त्यातून वगळल्या गेल्या, आणि वापरात आणल्या म्हणजे काय, यावर कज्जे सुरू झाले. सातत्य असे कलमा-कलमाने तयार होते. जे कलमाने तयार होते ते कलमाने मोडताही येते, फक्त ते मोडण्याइतकी शक्ती कोणीतरी उभी करावी लागते.

अशी शक्ती कोकणात उभी राहिली होती. अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्णय घेतला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांचा हा संप सहा वर्षे, १९३९ पर्यंत चालला. शेतकऱ्यांनी भात पेरायचेच नाही असे ठरवणे म्हणजे स्वतःच्या चुलीवर पाणी ओतणे. लोकांनी लाकडे विकली, मजुरी केली, उपास काढले, पण नांगर धरला नाही. संप करणारे बहुतेक आगरी होते, राईच्या खाजणात राबणाऱ्यांचेच भाऊबंद. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. १९३९ चा कूळ कायदा, १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा या साऱ्यांच्या मुळाशी हे उपास आहेत. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला १९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध केलेला उठावही याच मालिकेतला. गोदावरी परुळेकरांच्या पुस्तकामुळे तो मराठी वाचकाला परिचित आहे.

या कायद्यांनी खंड पडला काय? काही अंशी निश्चित पडला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचा मालक मानले गेले. कोकणातील खोताचा वाडा ओस पडला, हे काही लहानसहान घडले नाही. परंतु त्याच वर्षी वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांचा गोखले अर्थशास्त्र संस्थेचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९४८ च्या कायद्याची प्रत्यक्ष गावोगाव पाहणी करून त्यांनी दाखवले की, मालकांनी स्वतः कसण्याच्या नावाखाली जमिनी परत घेतल्या आणि कुळांनी ‘स्वखुशीने’ त्या सोडल्याच्या नोंदी झाल्या. ज्याच्या घरात उद्याचे धान्य नाही त्याची स्वखुशी ती कसली? जेथे चरीसारखी संघटना होती तेथे कुळाला कायद्याचा आधार घेता आला; जेथे कूळ एकटे होते तेथे कायदा तलाठ्याच्या दप्तरात राहिला.

आता चीनकडे परत वळले तर त्या क्रांतीचे यश आणि अपयश दोन्ही अधिक नीट उमगतात. १९५० च्या जमीन सुधारणा कायद्याच्या मोहिमेत, चिनी सरकारच्या आकड्यांनुसार, सुमारे ३० कोटी शेतकऱ्यांना सुमारे ७० कोटी मू जमीन मिळाली. विल्यम हिंटन यांनी एका खेड्यातील या मंथनाचे जे वर्णन १९६६ मध्ये प्रसिद्ध केले ते वाचून दुआरांच्या दलालाचे काय झाले हे कळते. जमीनदार आणि वसुलीचा धंदेवाला दोघेही नाहीसे झाले. हा खंड खरा होता, आणि कोणतेही सातत्यवादी लेखन तो पुसू शकत नाही. पण त्यामागोमाग, १९५३ मध्ये, धान्याची सरकारी सक्तीची खरेदी आली, १९५८ मध्ये कम्यून आले आणि त्याच वर्षी खेड्यातील माणसाला शहरात जाण्यास अटकाव करणारी नोंदणीव्यवस्था आली. मध्यस्थ गेला आणि त्याच्या जागी खुद्द राज्य येऊन उभे राहिले. शेतकऱ्याची स्वतंत्र संघटना नव्हती, वृत्तपत्र नव्हते, धान्य शिल्लक नाही असे वरच्याला सांगण्याची सोय नव्हती. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात सुमारे ३ कोटी ६० लाख माणसे मेली असा अंदाज यांग जिशेंग या चिनी पत्रकाराने २००८ मध्ये मांडला. स्वतःला समाजवादी म्हणवणाऱ्याने या आकड्यापुढे मान खाली घालून उभे राहिलेच पाहिजे. चीनमधील शेतीकर रद्द झाला तो १ जानेवारी २००६ रोजी, क्रांतीनंतर छप्पन वर्षांनी. आणि २०११ मध्ये ग्वांगडुंग प्रांतातील वुकान गावचे लोक रस्त्यावर उतरले ते स्थानिक अधिकाऱ्यांनी गावची जमीन परस्पर विकली म्हणून.

वुकान आणि राई यांच्यात समुद्राचे अंतर आहे, प्रश्नात मात्र फारसे नाही. मुंबई मेट्रोच्या ९ क्रमांकाच्या मार्गाची कारशेड राई, मुर्धे, मोर्वे या गावांच्या जमिनीवर बांधायचे ठरले तेव्हा ग्रामस्थ विरोधात उभे राहिले. अखेर ती जागा डोंगरीकडे हलवण्यात आली, आणि तेथे झाडांच्या तोडीचा नवा वाद निर्माण झाला. मेट्रो नको, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. विरार-वसईपासून मुंबईला लोंबकळत जाणाऱ्या कामगाराला तिची गरज आहे. प्रश्न एवढाच की, जमीन कोणाची, ती कोणत्या नोंदीने कोणाची ठरते, आणि निर्णय घेताना त्या जमिनीवर राबलेल्यांना कोणी विचारले काय? राईच्या लोकांना आपले म्हणणे ऐकवता आले, कारण त्यांना सभा घेता येते, निवडणुकीत मत देता येते, वर्तमानपत्रात छापून आणता येते. सार्वजनिक प्रयोजनाचे नाव घेऊन येणाऱ्या राज्यापुढेही शेतकऱ्याची स्वतंत्र जीभ शाबूत राहिली पाहिजे, हा चीनच्या इतिहासाचा धडा आहे आणि लोकशाही समाजवादाचा आग्रहही हाच होता.

म्हणून क्रांती की सातत्य, या वादात कार्यकर्त्याने एका पक्षाचा झेंडा खांद्यावर घेण्याचे कारण नाही. कोणत्याही मोठ्या बदलाला त्याने तीन प्रश्न विचारावेत. वरकड उत्पन्न पूर्वी कोण नेत होता आणि आता कोण नेतो? नेणाऱ्याच्या हक्कामागचे काम अजून शिल्लक आहे काय? आणि ज्याच्या श्रमातून ते उत्पन्न निघते त्याला ‘नाही’ म्हणण्याची संघटित शक्ती आली काय? साष्टीत १५३४ पासून इतक्या राजवटी आल्या, पण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकापर्यंत ‘नाही’ असेच राहिले. चरीत ते सहा वर्षांसाठी ‘होय’ झाले, आणि त्या सहा वर्षांनी जे बदलले ते दोनशे वर्षांच्या राज्यांतरांनी बदलले नव्हते.

या दृष्टीने इतिहासाचे काम केवळ ग्रंथालयात व्हायचे नाही. गावोगावच्या फेरफार नोंदी, जुने पट्टे, कुळांच्या नावांच्या याद्या, बांध कोणी घातले व कोणी राखले याच्या आठवणी अजून उपलब्ध आहेत. राई, मुर्धे, मोर्वे येथील वृद्ध मंडळी आहेत तोवर त्यांच्याकडून हे ऐकून लिहून ठेवले पाहिजे. तालुक्यातील प्रत्येक शाखेने आपल्या एका गावाच्या जमिनीचा गेल्या दीडशे वर्षांचा हिशेब तयार केला, तरी पुढचा कज्जा जेव्हा तहसीलदारापुढे येईल तेव्हा गावकरी रिकाम्या हाताने उभे राहणार नाहीत. १८७० चा कागद जपून ठेवणारे लोक होते, म्हणून तो आजवर बोलतो आहे. कसणाऱ्यांचा कागदही कोणीतरी जपला पाहिजे.